मिरजेला जायचं तर काम घेऊन जा

वाशीत दोन वास्तू अशा आहेत की त्यांचं मूळ शोधत गेलं तर माणूस कृष्णाकाठी पोचतो. एक विष्णुदास भावे नाट्यगृह. भावे सांगलीचे. १८४३ साली ५ नोव्हेंबरला त्यांनी सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला, आणि तो दिवस आपण आजही मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. दुसरी वास्तू अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची. या मंडळाचा जुना पत्ता मिरजेचा, ब्राह्मणपुरीतला. नेरूळ, सानपाडा, कोपरखैरणे इथली कितीतरी मुलं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा मंडळाच्या संगीत परीक्षांच्या पायऱ्या चढत असतात. आईबाबा अर्ज भरतात, फी भरतात, मुलांना केंद्रावर सोडून बाहेर ताटकळत बसतात. ज्या गावाने ही परंपरा पोसली ते गाव मात्र त्यांतल्या फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. कोल्हापूरला जाताना मिरज जंक्शनवर गाडी थांबते, चहा होतो, गाडी सुटते.

मला हे फार लागतं. म्हणून आमच्या गाण्याच्या क्लासची सहल काढायचा विषय निघाला तेव्हा मी मिरजेचं नाव घेतलं. बाईंना ते लगेच पटलं. त्यांचं स्वतःचं शिक्षण त्या बाजूचं. पालकांपैकी एकांनी विचारलं, "पण तिथे बघायला काय आहे?" प्रश्न रास्त होता. सहल म्हटली की आपल्याला ठिकाणं लागतात. वस्तुसंग्रहालय, तिकीटखिडकी, माहिती सांगणारा माणूस, जेवायला बरं हॉटेल आणि संध्याकाळी परत. संगीताच्या गावात गेल्यावर नेमकं काय बघायचं, हा प्रश्न मी पुष्कळ वर्षं मनात बाळगून आहे. त्याचं माझं उत्तर सविस्तर मांडायचं म्हणून हे लिहिते आहे.

जगात संगीताची गावं उत्तम रीतीने दाखवली जातात, हे मी पाहिलं आहे. मुलीकडे युरोपात गेले होते तेव्हा आम्ही व्हिएन्नाला गेलो. सेंट स्टीफनच्या कॅथेड्रलमागे डोमगास नावाची लहानशी गल्ली आहे. तिथल्या पाच नंबरच्या घरात मोझार्ट १७८४ ते १७८७ राहिला. खोल्या त्याच आहेत, पण आतलं सामान त्याचं नाही. कुठली खोली कशासाठी वापरली जात असेल याचे अंदाज कानातल्या यंत्रातून ऐकत आपण फिरतो. 'हाउस डेर म्युझिक' म्हणून दुसरं एक संग्रहालय आहे. तिथे हातात छडी घेऊन पडद्यावरच्या व्हिएन्ना फिलहार्मोनिकचं संचालन करता येतं. मुलं तिथून हलत नव्हती. हे सगळं फार मेहनतीने, फार मायेने केलेलं आहे. मला त्याचा हेवा वाटला, हे मोकळेपणाने सांगते.

पण त्या शहराने मला खऱ्या अर्थाने काही दिलं ते संध्याकाळी. तिथल्या ऑपेरागृहात उभ्याने ऐकायची स्वस्त तिकिटं मिळतात. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ कठड्याला टेकून उभे होते. पायांत कळा येत असणार, सारखे वजन बदलत होते, पण हातातलं कथानकाचं पुस्तक त्यांनी एकदाही उघडलं नाही. सगळं पाठ होतं. गाव संगीताचं आहे, हे मला त्या माणसाकडे बघून कळलं. दिवसभरात पाहिलेल्या खोल्या तेव्हा कुठे माझ्या मनात बोलायला लागल्या.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचं दालन आहे. एका माणसाने जन्मभर गावोगाव हिंडून जमवलेल्या त्या वस्तूंपुढे हात जोडावेसे वाटतात. तिथली नक्षीची वाद्यं बघताना मात्र माझा जीव गलबलतो. तारा सैल आहेत. वाद्य आहे आणि आवाज नाही. संग्रहालयाचा यात काही दोष नाही, जुनी वस्तू जपायची तर तिच्यावर ताण ठेवता येत नाही. पण दहा वर्षांच्या मुलाला तिथे उभं करून 'हा तानपुरा' म्हटलं, तर त्याने काय समजायचं?

तेव्हा मिरजेबद्दल मी सगळ्यांना एकच सांगते. काम घेऊन जा. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचं ते गुंजणं, गेली असेल, सतारीचे पडदे सरकले असतील, खुंटी बसत नसेल, तर ते वाद्य घेऊन जा. स्वतःचं नसेल तर ज्यांचं आहे त्यांच्यासोबत जा. काम घेऊन गेलेल्या माणसाला ते गाव दारं उघडतं, आणि त्याला बसायला सतरंजी मिळते.

आमच्याकडे कामाला तोटा नाहीच. खाडीकाठची हवा वाद्यांना मानवत नाही. पावसाळ्यात खुंट्या फुगतात, फिरता फिरत नाहीत. उन्हाळ्यात त्याच सैल पडून सरकतात, मग खडू घासून बसवाव्या लागतात. पोलादी तारांवर गंज चढतो. तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, ओल लागली की आवाज बसका होतो. बाईंकडचा जुना तानपुरा गेल्या पावसाळ्यापासून असाच मुका झालाय. जुळतो सुरात, पण गुंजत नाही. क्लास इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर चालतो, आता तर मोबाइलवरच. सोय मोठी आहे, मी स्वतः पहाटे तोच लावून बसते. तरीही ज्या मुलांनी खरा तानपुरा मांडीजवळ घेऊन छेडलेला नाही, त्यांना सूर म्हणजे काय हे शब्दांनी समजावताना बाई थकतात.

मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. गल्लीचं नावच धंद्यावरून पडलेलं. कारागिरांची आडनावं शिकलगार आणि सतारमेकर. शिकलगार म्हणजे मुळात तलवारी-भाल्यांना पाणी देणारे, धार लावणारे लोक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, हत्यारांची मागणी आटत चालली असताना, फरीदसाहेब नावाच्या कारागिराने इथे तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. संस्थानिक पटवर्धनांच्या पदरी गाणारे-वाजवणारे होते, उत्तरेकडून येणारी वाद्यं बिघडली की दुरुस्त करायला माणूस नव्हता, आणि राजाने या हातांतली कसब ओळखली, असं तिथे सांगतात. त्याला आता पावणेदोनशे वर्षं होत आली. पोलादाची धार बोटाने ओळखणारे हात तारेकडे वळले, या घटनेवर मी पुन्हा पुन्हा विचार करते. कुणा एका माणसाची उपजीविका बुडाली असती आणि इतिहासात त्याची नोंदही झाली नसती. त्याऐवजी साऱ्या देशातल्या गवयांच्या मागे उभं राहणारं वाद्य तिथे घडायला लागलं.

कारखाना म्हणण्यासारखा मोठा पसारा कुठे नसतो. दुकान पुढे, काम मागे किंवा माडीवर. आत शिरल्यावर आधी वर बघावं. आढ्याला भोपळे टांगलेले असतात, लहान, मोठे, तिरके, बसके. हे भाजीचे भोपळे नव्हेत, कडू भोपळे. भीमेच्या काठाने, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे ते मुद्दाम पिकवतात. पीक आलं की कारागीर आकार बघून निवडून आणतात, कारण वाद्याचा घेर भोपळा ठरवतो, माणूस नाही. मग तो महिनोन्‌महिने वाळत ठेवायचा. कापल्यावर भिजवायचा, आतला गर खरवडायचा, काड्यांचे आधार देऊन आकार धरायला लावायचा, पुन्हा वाळवायचा. नदीला अवेळी पूर आला किंवा फळ धरताना पाऊस लांबला, की पुढच्या वर्षीच्या तानपुऱ्यांवर त्याचा परिणाम होतो. शेती आणि संगीत यांचा इतका सरळ व्यवहार मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

भोपळ्यावर गळा बसतो, गळ्याला दांडी जोडतात, वरून तबली. लाकूड तुणीचं, तांबूस, वजनाला हलकं आणि वाळल्यावर खणखणीत. पूर्वी कडेची नक्षी हस्तिदंताची असे. ते बंद झालं आणि आता त्या जागी प्लास्टिकच्या पट्ट्या येतात. कोरीव वेल, पानं, भोपळ्यावरच्या पाकळ्या हे काम वेगळ्या हाताचं. शेवटी लाखेचं पॉलिश, तेही एकावर एक थर देत. लहान मुलांना हा भाग सगळ्यात जास्त आवडेल असं मला वाटतं, कारण डोळ्यांना दिसतं. त्यांना तिथे खुशाल रमू द्यावं.

पण खरं मिरज त्यापुढे सुरू होतं, जवारी लावताना. ते काम डोळ्यांनी बघून कळत नाही. तबलीवर जी घोडी असते, जिच्यावरून तारा जातात, ती सपाट दिसते. ती सपाट नसते. तिला अगदी सूक्ष्म उतार असतो, आणि तार छेडल्यावर त्या उतारावर घासत, टेकत, सुटत कंप पावते. त्या टेकण्या-सुटण्यातून एका स्वराच्या पोटातले बाकीचे स्वर बाहेर पडतात. घोडी शिंगाची, हाडाची किंवा काळ्या शिसवी लाकडाची असते. तारांच्या घर्षणाने तिला बारीक चरे पडतात आणि आवाज मरतो. कारागीर कानसीने एक हलका हात फिरवतो. तार लावतो. छेडतो. मान थोडी तिरकी करून ऐकतो. तार काढतो, पुन्हा एक हात. हे तासभर चालू शकतं. कुठे थांबायचं याला माप नाही, मोजपट्टी नाही. एक हात जास्त पडला तर घोडी खाली जाते आणि सगळं पहिल्यापासून.

मी एकदा अशा कामाशेजारी बसले होते. म्हातारे कारागीर होते, लोक त्यांना चाचा म्हणत होते. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "ताई, जरा दम धरा. कान लावलाय." मग पुष्कळ वेळाने तार आणि घोडी यांच्या मध्ये त्यांनी सुती दोरा सरकवला, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी आवाज असा काही उघडला की रस्त्यावरून जाणारा पोरगा थांबून आत बघायला लागला. शेवटच्या खर्जाच्या, म्हणजे खालच्या षड्जाच्या, पितळी तारेतून गंधार येत होता. तानपुऱ्यात गंधाराची तारच नसते. एक तार पंचमाची, मधली दोघं जोडीचे षड्ज, शेवटचा खर्ज. तरी तो येतो, आपणहून, खर्जाच्या पोटातला पाचवा अंश म्हणून. याला स्वयंभू गंधार म्हणतात. पुस्तकात मी हे वाचलं होतं, बाईंकडून ऐकलं होतं, परीक्षेच्या तोंडी प्रश्नाला उत्तर म्हणून सांगितलंही होतं. समोर ती घोडी घासली जाताना आधी नसलेला गंधार हळूहळू येताना ऐकणं, हे वेगळं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाचांनी ते पाहिलं आणि तानपुरा माझ्या हातात दिला. "बसा. गा काहीतरी," म्हणाले. वाद्य तयार झालं की ते गळ्याबरोबर लागून पाहायचं, हा त्या कामाचाच भाग आहे.

हे मुलांना मिळावं, एवढीच माझी इच्छा आहे. आमच्या मुली पेटीच्या काळी चार पट्टीच्या सुरात गातात, मोठे पुरुष काळी एक-दोनात. त्याप्रमाणे तानपुऱ्याची लांबी, तारांची जाडी, भोपळ्याचा घेर बदलतो. आपल्या गळ्याचा आणि त्या लाकडाचा हिशेब एकच आहे, हे बाराव्या वर्षी कळलं तर त्या मुलीच्या गाण्याला केवढा आधार मिळेल.

गल्लीतून निघाल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्यात जावं. ख्वाजा शमसुद्दीन मिरासाहेबांचा हा दर्गा साऱ्या गावाचा आहे. उरुसात पहिल्या गलेफाचा, म्हणजे कबरीवर घालायच्या चादरीचा, मान चर्मकार समाजाचा असतो. याच आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ विसावले आहेत. कैरान्याहून निघालेला हा गवई बडोदा, पुणे असं फिरत मिरजेत रुजला. प्लेगाने आजारी असताना त्यांनी दर्ग्यात गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, अशी कथा इथे प्रत्येकाच्या तोंडी आहे. कथा खरी किती हे मला महत्त्वाचं वाटत नाही. या गावाला आपल्या गवयाबद्दल अशी कथा सांगाविशी वाटते, हे पुरेसं आहे. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये मिरजेतच जन्मल्या. आज किराणा घराण्याचं गाणं म्हणून जे आपण ऐकतो, सवाई गंधर्व, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, त्या साऱ्याची वाट याच माणसाकडून निघते.

खाँसाहेबांचा शेवट मिरजेपासून फार दूर झाला. २७ ऑक्टोबर १९३७. ते मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले होते. गाडीत अस्वस्थ वाटू लागलं म्हणून सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहान स्टेशनवर उतरले. फलाटावरच पथारी घातली, नमाज पढले, दरबारीचे सूर लावत प्रार्थना म्हटली आणि तिथेच गेले. देह मिरजेला आणला गेला. ज्या काळात गाडीने हा प्रवास केवढा लांबचा होता, त्या काळात त्यांच्या माणसांना दुसरं कुठलं गाव सुचलं नाही. त्यांच्या कबरीजवळ उभं राहताना मला हे आठवतं.

खाँसाहेब स्वतः वाद्यांची दुरुस्ती करत, तानपुऱ्याच्या जवारीवर त्यांचा हात होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचं, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांचं, संशोधन करत होते तेव्हा त्यांना आपल्या गळ्यातून स्वरस्थानं दाखवणारे हेच. गाणारा, घडवणारा आणि मोजणारा, तिघं चार-पाच कोसांच्या आत होते. मिरजेची ताकद त्यात आहे असं माझं मत आहे. थोर गवई इतर गावांतही झाले. पण गवयाने सकाळी कुरकुर करावी आणि संध्याकाळपर्यंत कारागिराने घोडी बदलून आणावी, असं गाव विरळा.

उरुसात दर्ग्याच्या आवारात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं चालतं. कलाकार हजेरी लावायला येतात. त्या रात्रीबद्दल एकच सांगते: श्रोते. भाजीवाले, रिक्षावाले, दवाखान्यातून पाळी संपवून आलेल्या परिचारिका, कारागीर आणि त्यांची मुलं, लांबून आलेले गवई, सगळे एकाच जाजमावर. पहाटे दोनला मारव्यासारखा संध्याकाळचा राग कुणी लावला असता तर शेवटच्या रांगेतल्या माणसाच्याही कपाळावर आठी पडली असती. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात असाच संगीत महोत्सव होतो. त्यामुळे सहलीची तारीख ठरवताना मी सगळ्यांना नवरात्र किंवा उरूस धरायला सांगते. दिवसा गल्ली, रात्री मैफल. दोन्ही मिळून गाव पुरं होतं.

बाकीची ठिकाणं भराभर सांगते. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्याने अधू झाले, उपचारासाठी त्यांना मिरजेला आणलं आणि शिक्षणाचा मार्ग बंद झाल्यामुळे ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला बसले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९३१ मध्ये त्यांचा अंत मिरजेतच झाला. त्याच साली शिष्यांनी मंडळ स्थापलं, ज्याच्या परीक्षांना आपली मुलं बसतात. विनायकबुवा पटवर्धन मिरजेचे. मल्लिकार्जुन मन्सूर लहान वयात नीलकंठबुवांकडे शिकले ते इथेच. बालगंधर्व १९०५ मध्ये शकुंतलेच्या वेशात पहिल्यांदा लोकांपुढे उभे राहिले ते मिरजेत, आणि त्यांच्या नावाचं नाट्यगृह तिथे आहे. पुणे आणि हुबळी-धारवाड यांच्या मधोमध रेल्वेवरचं हे जंक्शन. गवयांची जा-ये होणारच. आणि वानलेस रुग्णालयामुळे, जे १८९४ मध्ये सुरू झालं, दूरदूरचे लोक इथे दुखणी घेऊन येत आले. दुखणाईत आणि गवई एकाच गाडीतून उतरत असतील, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे नेहमी येतं.

मग आपल्याकडे काय, असं कुणी विचारेल. ठाण्याचं सांगते. संगीतभूषण राम मराठे ठाण्यात राहत. ठाणे महापालिका त्यांच्या नावाने दर वर्षी संगीत महोत्सव भरवते. गडकरी रंगायतन १९७८ पासून उभं आहे. नौपाड्यात जुन्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या, तरी संध्याकाळी एखाद्या खिडकीतून पेटीचा भाता ऐकू येतो. नवी मुंबई त्या मानाने कालची, सिडको १९७० ची. आपल्या शहराला अजून स्वतःची संगीताची स्मृती नाही, पण नाट्यगृहाला आणि गांधर्वच्या वास्तूला आपण जी नावं दिली, त्यांतून आपण ती उसनी आणली आहे. उसनं आणलं की ज्याच्याकडून आणलं त्याच्या घरी जाऊन यावं, ही आपल्याकडची रीत. मला मिरजेची सहल त्यासाठीही हवी आहे.

मिरजेत वाद्यांचं मोठं संग्रहालय व्हावं, असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटतं. ते कसं व्हावं याबद्दल मात्र माझी मतं ठाम आहेत. त्यात निदान एक तानपुरा रोज सकाळी जुळवलेला असला पाहिजे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो छेडता आला पाहिजे. तारा तुटतील, त्या बदलायला पगारी माणूस ठेवावा आणि तो त्याच गल्लीतला असावा. जवारी गेलेली घोडी आणि नुकती लावलेली घोडी शेजारी शेजारी ठेवाव्यात, दोन्हींवर एकच तार ऐकू द्यावी. अर्ध्या मिनिटात जे कळेल ते दहा फलकांनी कळणार नाही. भोपळे वाळण्याच्या हंगामात तिथे खरे भोपळे वाळत असावेत. खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐकायला एक खोली असावी, आणि त्या खोलीत फोटो काढायला मनाई असावी. आठवड्यातून एकदा लोकांनी आपापली बिघडलेली वाद्यं घेऊन यावीत आणि सगळ्यांसमोर ती दुरुस्त व्हावीत. तिकीट अवश्य लावावं, आणि त्यातला वाटा कारागिरांना जावा.

हे शेवटचं मी फार कळकळीने म्हणते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच झाला. मिरजेबाहेर बनवलेलं वाद्य आता मिरजेचं म्हणून विकता येऊ नये, याला कायद्याचा आधार आला. पण मानांकनाने मुलगा दुकानात बसत नाही. एक तानपुरा उभा राहायला कित्येक आठवडे लागतात, भोपळ्याचा वाळण्याचा काळ वेगळाच, आणि हात तयार व्हायला निम्मं आयुष्य. शिकलेल्या पोराला त्यापेक्षा पुण्यातली नोकरी बरी वाटते, आणि त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. त्याने बसावं असं वाटत असेल तर त्याच्या हाताला काम पोचवणं आपल्याकडे आहे. नवं वाद्य घ्यायची ऐपत प्रत्येकाची नसते. जुनं दुरुस्त करायची बहुतेकांची असते. आपल्या इमारतींच्या माळ्यांवर, कपाटांच्या डोक्यावर, आजोबांची म्हणून ठेवलेली किती वाद्यं खोळीत पडून असतील! ती उतरवावीत आणि घेऊन जावीत. जवारी, तारा, एखादी खुंटी, एवढ्या खर्चात वाद्य पुन्हा बोलतं, आणि गल्लीतल्या एका घराचा दिवस भरतो.

आमचं आता ठरलं आहे. नवरात्रात जायचं. कल्याणहून रात्रीची महालक्ष्मी धरायची, पहाटे मिरज. बाईंचा तानपुरा येणार आहेच, शिवाय क्लासमधल्या एका मुलीच्या आजीची सतार आणि घणसोलीच्या एका काकांचा दिलरुबा. ज्यांनी बघायला काय आहे असं विचारलं होतं, ते दादाही येणार आहेत. त्यांच्या घरी वाद्य नाही, म्हणून तानपुरा सांभाळायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

कुणाला असं जायचं असेल तर वाद्य नेण्याबद्दल दोन शब्द. निघण्याआधी तारा दोन-तीन सूर उतरवा, पण पार सोडू नका. घोडी तारांच्या दाबानेच जागेवर राहते. तारांवरचे सूर जुळवायचे मणी खाली सरकवून ठेवा. भोपळ्याभोवती गोधडी गुंडाळा, दांडीवरून जुनी सुती साडी, आणि वरून खोळ. भोपळ्याला दाब सोसत नाही, त्यामुळे बाकाखाली सामानात ठेवू नका. वरचा बर्थ वाद्याचा, तुम्ही त्याच्या उशाशी. कारागिराला आधी फोन करून वेळ विचारा, कारण सणाच्या तोंडावर त्यांच्याकडे बाहेरगावच्या गवयांची वाद्यं आलेली असतात. एक दिवस पुरेल असं धरू नका. जवारी लागली तरी रात्रभर तारा ताणून ठेवतात आणि सकाळी पुन्हा एकदा ऐकतात, तेव्हा मुक्काम ठेवा. आणि गाणाऱ्या माणसाला सोबत न्याच. चाचा विचारणारच, "कुणाच्या गळ्यासाठी?"